सीजी ३६५०० पूर्ण उलटली असती तर?

प्रश्न तीन भागांत आहे. १८ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री अमेरिकेत केप कॉडजवळ ‘पेंडलटन’ हा टँकर दुभंगला आणि कोस्ट गार्ड या तिथल्या तटरक्षक दलाच्या सीजी ३६५०० नावाच्या ३६ फुटी लाकडी लाइफबोटीने त्यावरची ३२ माणसं परत आणली. ती नाव त्या समुद्रात बुडाली का नाही? ‘उलटली तरी आपोआप सरळ होते’ म्हणजे नेमकं काय होतं? आणि ही युक्ती एवढी चांगली होती, तर ब्रिटनमध्ये मधली कित्येक दशकं ती मागे का पडली?

आधी एक गैरसमज दूर करतो. त्या रात्री ही नाव पूर्ण उलटली नव्हती. केप कॉडवरच्या चॅटम बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे; तिथे लाटांनी तिला कुशीवर पाडलं, ती पुन्हा उठली, आणि हे एकाहून जास्त वेळा झालं. म्हणजे उलटून सरळ होण्याच्या गुणाची पुरती परीक्षा झालीच नाही. ती तरली तीन गोष्टींमुळे: आत आलेलं पाणी पटकन बाहेर पडत होतं, वजन तळाशी होतं, आणि दोन्ही टोकं निमुळती होती. चौथी गोष्ट म्हणजे सुकाणूवर बर्नार्ड वेबर होता.

नाव १९४६ साली मेरीलँडमधल्या कर्टिस बे इथे, कोस्ट गार्डच्या स्वतःच्या यार्डात बांधली गेली. लांबी ३६ फूट ८ इंच, रुंदी १० फुटांच्या आसपास, वजन सुमारे २०,००० पौंड, म्हणजे ९ टन. त्यातले सुमारे २,००० पौंड तळाच्या कण्याला लावलेल्या ब्राँझचे. या कण्याला आपल्याकडचे होड्या बांधणारे सुतार पठाण म्हणतात. एकच पंखा आणि ९० अश्वशक्तीचं एकच पेट्रोल इंजिन. हा आराखडा एका दमात सुचलेला नव्हता. अमेरिकेच्या जीवरक्षक सेवेने वल्ह्याच्या नावांत इंजिन बसवायला सुरुवात केली ती १८९९ मध्ये, आणि तिथून दुरुस्त्या होत होत हा आकार आला. म्हणूनच तिच्याकडे पाहिलं की मोटरबोटीपेक्षा झाकण लावलेली वल्ह्याची नाव आठवते.

आता पाण्याचं गणित, कारण खरी गोम तिथे आहे. उघड्या होडीत मोठी लाट फुटली की ती भरते, आणि भरलेली होडी पुढच्या लाटेला आडवी होते. समजा, नावेचा उघडा भाग दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आहे आणि त्यात अर्धा मीटर पाणी साचलं. झाले दोन टन. ९ टनांच्या नावेवर २ टन, आणि तेही या कुशीवरून त्या कुशीवर डुचमळणारे. नाव डावीकडे झुकली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि ती आणखी झुकते. वजनापेक्षा हे धावणं जास्त घातक असतं.

यावरचा उपाय म्हणजे उभं राहायची तक्तपोशी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायची, ती पूर्ण जलबंद करायची आणि तिच्यातून थेट समुद्रात उघडणाऱ्या जाड नळ्या सोडायच्या. प्रत्येक नळीत एक झडप. आतलं पाणी खाली ढकललं की ती उघडते, समुद्र वर ढकलू लागला की मिटते. पंप नाही, माणूस नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण. हिशेबासाठी १५ सेंमी व्यासाच्या चार नळ्या धरा. तक्तपोशी बाहेरच्या पाण्यापेक्षा २० सेंमी वर असेल तर वरचं दोन टन पाणी साधारण वीस सेकंदांत निघून जातं. वादळात दोन मोठ्या लाटांमधलं अंतर दहा ते पंधरा सेकंदांचं असतं. म्हणजे पुढची लाट येईपर्यंत नाव बहुतेक रिकामी झालेली असते. ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही व्यवस्था बिघडते ती अगदी क्षुल्लक कारणांनी. झडपेत दोरीचा तुकडा अडकतो आणि ती अर्धवट उघडी राहते. मग नळीतून समुद्र आत येतो. बिजागरीवर रंगाचे थर चढले की ती जाम होते. हिवाळी बंदरात नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो. त्यामुळे अशा नावेची तपासणी करताना आधी प्रत्येक झडप बोटाने ढकलून पाहायची. ती स्वतःच्या वजनाने परत पडली पाहिजे. मग तक्तपोशीवर बादलीभर पाणी ओतायचं आणि किती वेळात जातं ते बघायचं. इंजिन नंतर.

तक्तपोशीखाली, दोन्ही बाजूंना आणि दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे. एखादी फळी फुटली तरी एकच कप्पा भरतो. टोकांचे कप्पे कासवाच्या पाठीसारखे उंच आणि गोल असतात. ते शोभेसाठी नाहीत. नाव उलटल्यावरचा सगळा खेळ त्यांच्यावरच आहे.

तो खेळ असा. नाव उलटी पडली की तिचं मधलं अंग पाण्यात जातं, पण नाळेकडचा आणि पिछाडीकडचा असे दोन उंच कप्पे आता खाली आलेले असतात आणि नाव त्या दोन फुगवट्यांवर तोललेली राहते. पठाणाचं वजन आता सगळ्यात वर. हातगाडी तिच्या दोन मुठींवर उभी केल्यासारखी ही अवस्था: तोल आहे, पण टिकाऊ नाही. छोटी लाट आली, किंचित कल आला, की वरचं ब्राँझ एका बाजूला घसरायला लागतं आणि नाव फिरून सरळ होते. सरळ झाली की तक्तपोशीवरचं पाणी नळ्यांतून जातं.

म्हणजे सरळ होण्यासाठी तीन अटी आहेत. तळाशी वजन, टोकांना उंच हवा, आणि मधला भाग बेताचा रुंद. रुंद नाव सरळ असताना जशी स्थिर, तशीच उलटी असतानाही स्थिर असते. तराफा कधी आपणहून सरळ होत नाही. ही तिसरी अटच सगळ्या भांडणाचं मूळ आहे, कारण अरुंद नाव मुळात उलटतेच सहज. उंच टोकांवर वारा धरतो तो वेगळाच. थोडक्यात, उलटल्यावर सरळ होणारी नाव हवी असेल तर काही प्रमाणात उलटायला सोपी नाव घ्यावी लागते. हा सौदा न सांगता ‘सेल्फ-रायटिंग’चं कौतुक करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कल्पना जुनी आहे. १७८९ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या मुखाशी ‘ॲडव्हेंचर’ हे जहाज किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत फुटलं. त्यानंतर साउथ शील्ड्समध्ये चांगल्या नावेसाठी बक्षीस लावण्यात आलं. विल्यम वुडहेव्ह याने दिलेलं प्रारूप उलटं टाकलं तरी सरळ व्हायचं. गोल लाकडी झाकणाचा अर्धा तुकडा पाण्यात कसाही टाकला तरी टोकं वर करून तरंगतो, हे पाहून त्याला ते सुचलं असं सांगतात. प्रत्यक्षात १७९० ची ‘ओरिजिनल’ बांधली हेन्री ग्रेटहेडने, आणि ती उलटली तर सरळ होणारी नव्हती. बुचाच्या लाकडाने तरंगणारी, दोन्ही टोकांना सारखी, कण्याला बाक असलेली अशी ती नाव. ग्रेटहेडचीच १८०२ ची ‘झेटलँड’ आजही रेडकारच्या संग्रहालयात आहे, जगातली सगळ्यात जुनी टिकलेली लाइफबोट. तिने पाचशेच्या वर माणसं वाचवली, सरळ होण्याच्या गुणाशिवाय.

१८५१ मध्ये नॉर्दंबरलँडच्या ड्यूकने १०० गिनींचं बक्षीस लावलं. २८० प्रवेशिका आल्या आणि ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंगची सेल्फ-रायटिंग नाव पहिली आली. जेम्स पीकने त्यात सुधारणा केल्या आणि पुढची तीनेक दशकं ब्रिटिश किनाऱ्यावर याच घराण्याच्या नावांचं राज्य होतं. मग ९ डिसेंबर १८८६ ची रात्र आली. ‘मेक्सिको’ या जहाजाच्या मदतीला गेलेल्या दोन नावांतले मिळून २७ जण गेले. सेंट ॲन्सच्या ‘लॉरा जेनेट’वरचे सगळे १३, आणि साउथपोर्टच्या ‘एलायझा फर्नली’वरचे १६ पैकी १४. ‘एलायझा फर्नली’ उलटली आणि सरळ झालीच नाही. ‘मेक्सिको’च्या १२ खलाशांना त्याच रात्री लिदमच्या नावेने सुखरूप आणलं.

पुढच्याच वर्षी जॉर्ज लेनॉक्स वॉटसन हा नौकारचनाकार ब्रिटिश लाइफबोट संस्थेचा सल्लागार झाला. त्याचा विचार सरळ होता: उलटल्यावर काय करायचं यापेक्षा उलटणारच नाही अशी रुंद, जड, स्थिर नाव बांधू. वॉटसनच्या नावा खरोखरच उत्तम होत्या आणि त्यांच्या वंशातल्या मोटर लाइफबोटी विसाव्या शतकात दीर्घकाळ चालल्या. मला विचाराल तर हा निर्णय त्या काळाला धरून बरोबर होता. वल्ही मारणारे उघड्यावर बसलेले; नाव उलटून सरळ झाली तरी ते पाण्यातच राहणार. बर्फगार पाण्यात, जाड बूट घालून.

पण स्थिर नाव एकदा उलटली की उलटीच राहते, आणि मोटर, केबिन, रेडिओ आल्यावर आत माणसं अडकण्याची शक्यता वाढली. १७ मार्च १९६९ ला ऑर्कनीतल्या लाँगहोपची ४७ फुटी वॉटसन नाव उलटली, आठही जण गेले. २१ जानेवारी १९७० ला फ्रेझरबर्गची उलटली, सहापैकी पाच गेले. यानंतर वाद उरला नाही. जुन्या वॉटसन नावांच्या केबिनवर हवेने फुगणाऱ्या पिशव्या बसवल्या गेल्या. नाव उलटली की पिशवी एका बाजूला फुगून तिला कलंडवते. ओबडधोबड, पण चालणारा उपाय.

त्याआधीच, १९५८ मध्ये, रिचर्ड ओकलीने तो जुना सौदा मोडणारा तोडगा काढला होता, आणि माझ्या मते लाइफबोटींच्या इतिहासातला हा सगळ्यात हुशार तुकडा आहे. ३७ फुटी ओकली नाव रुंद आणि स्थिर होती. समुद्रात उतरल्यावर तळाच्या टाकीत सुमारे दीड टन समुद्राचं पाणी घ्यायची. सरळ असताना हे पाणी म्हणजे जादा वजन, जादा स्थैर्य. नाव उलटू लागली की झडपांतून तेच पाणी डाव्या बाजूच्या दुसऱ्या टाकीत धावायचं. डावीकडे उलटत असेल तर साधारण ११० अंशांवर हे सुरू व्हायचं आणि नाव आल्या वाटेने परत यायची. उजवीकडे उलटत असेल तर सुमारे १६५ अंशांवर, आणि नाव पूर्ण गिरकी घेऊन सरळ व्हायची. सहाएक सेकंदांचा मामला. मघाशी आपण ज्या धावत्या पाण्याला शत्रू म्हटलं, त्यालाच ओकलीने कामाला लावलं. किनाऱ्यावरून ढकलून सोडायच्या नावेला आणखी एक फायदा: ओढताना, चढवताना ते दीड टन अंगावर नसायचे.

आता परत चॅटमला. सीजी ३६५०० वर चौघे होते: वेबर, अँड्र्यू फिट्झजेराल्ड, रिचर्ड लिव्हसी आणि अर्विन मॅस्के. बांधावरच पहिल्या लाटांत समोरची काच फुटली आणि होकायंत्र गेलं. मग इंजिन बंद पडलं. हे बंद पडणं नशिबाचं नव्हतं, रचनेतलं होतं. पेट्रोल इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये एक छोटी वाटी असते, तिच्यात तरंगणारा गोळा पेट्रोलची पातळी राखतो. पातळी वाढली की गोळा वर जाऊन सुई बसवतो, घटली की सुई उचलली जाते. जुन्या स्कूटरच्या मालकांना हे नव्याने सांगायला नको; गाडी आडवी पडल्यावर ती लगेच का सुरू होत नाही ते त्यांना ठाऊक आहे. नाव साठ-सत्तर अंश कलली की त्या गोळ्याला वर-खाली कळेनासं होतं. एक तर पेट्रोल ओसंडतं, नाही तर तोंडाशी पोचतच नाही. टाकीतलं पेट्रोलही नळीच्या तोंडापासून दूर सरकतं आणि नळीत हवा शिरते. फिट्झजेराल्डला हलत्या नावेत इंजिनाच्या अरुंद खोक्यात शिरून ते पुन्हा भरून सुरू करावं लागलं.

म्हणून या नावेला निर्दोष म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. सांगाडा उलटून सरळ होण्यासाठी बांधायचा आणि त्यात आडवं पडलं की थांबणारं इंजिन बसवायचं, ही विसंगतीच. वाळूच्या बांधावर इंजिन थांबलं की सुकाणूवरून पाणी वाहत नाही, सुकाणू लागत नाही, नाव लाटेला आडवी होते. मग सगळी भिस्त पठाणावर. पुढे या वर्गातल्या नावांना डिझेल इंजिनं बसवली गेली. डिझेल इंजिनात पंप दाबाखाली इंधन देतो, गोळा नाही, विजेची ठिणगी नाही, आणि बंद केबिनमध्ये पेट्रोलच्या वाफांची धास्तीही नाही.

टँकर का तुटला, हे एका परिच्छेदात. ‘पेंडलटन’ हा युद्धकाळात घाईने वेल्डिंग करून बांधलेल्या टी-२ वर्गातला, १९४४ चा. त्या काळचं पोलाद थंडीत काचेसारखं ठिसूळ व्हायचं, आणि रिव्हेट केलेल्या जहाजात पत्र्याच्या काठाशी थांबणारी चीर वेल्ड केलेल्या जहाजात थांबतच नसे. त्याच वादळात ‘फोर्ट मर्सर’ हा दुसरा टी-२ टँकरही दुभंगला. मदतीच्या मोठ्या नावा आधी त्याच्याकडे गेल्या होत्या, म्हणून ‘पेंडलटन’च्या पिछाडीकडे ही छोटी नाव पाठवली गेली. कप्तान आणि इतर सात जण नाळेकडच्या तुकड्यावर होते. त्यांच्यातलं कोणी वाचलं नाही. पिछाडीवर ३३ होते, आणि त्यांच्यातला एक जण उतरताना गेला.

उचलण्याची पद्धत पाहा. टँकरच्या उजव्या कुशीवरून दोरीची शिडी सोडलेली. वेबर दर खेपेला नाव शिडीखाली नेई, एखाद-दोघे उडी मारत, आणि लाट नावेला पोलादावर आदळायच्या आत तो मागे घेई. एकाच पंख्याच्या नावेला मागे जाताना पिछाडी एका बाजूला ओढली जाते. ती ओढ ओळखून, प्रत्येक वेळी थोडं आधीच सुकाणू फिरवून हे करावं लागतं. लाकडी नाव, ९० घोडे, अंधार. इथे रचनेचं श्रेय संपतं.

३२ आणि ४ मिळून ३६ माणसं. ही नाव डझनभर माणसं वाचवून आणण्याच्या हिशेबाची. ३२ जणांचे ७५ किलोप्रमाणे २.४ टन, म्हणजे नावेच्या वजनाच्या चौथ्या भागाहून जास्त. या आकाराची नाव त्याने साधारण १० सेंमी खाली बसते. मघाचा ‘बहुतेक’ इथे आठवा: तक्तपोशी बाहेरच्या पाण्यापेक्षा २० सेंमी वर असायची ती १० वर आली की शेवटचं पाणी ढकलणारा दाब निम्म्यावर येतो. नाव रिकामी व्हायला वेळ लागतो, आणि लाटेमागून लाट येत असली की थोडं पाणी आत राहतंच. हेलकावे सुस्तावतात, खलाशी याला नाव ‘मेलीये’ असं म्हणतात आणि घाबरतात. परतीला लाटा मागून येत होत्या आणि पिछाडी निमुळती होती म्हणून त्या दुभंगून पुढे जात होत्या. सपाट पिछाडीच्या नावेला अशा लाटा ढकलून आडवी करतात.

मग शीर्षकातला प्रश्न. त्या भाराने ती पूर्ण उलटली असती तर? पुढच्या केबिनमध्ये माणसं दाटीवाटीने कोंबलेली, कोणीही बांधलेलं नाही. नाव उलटताच ही सगळी माणसं छतावर पडतात. म्हणजे एक-दीड टन वजन उलट्या नावेच्या तळाशी येतं, आणि पठाणातलं एक टनाहून कमी ब्राँझ वर. वरच्या वजनाने खाली यायचा खेळच उलटा होतो. शिवाय केबिनचं दार उघडं असेल तर आत पाणी, आणि उंच टोकाची हवा गेली. रचनेने दिलेली हमी ठरलेल्या भाराची, बंद दारांची होती. त्या रात्री यातलं काहीही जागेवर नव्हतं. ती उलटी झाली असती तर उलटीच राहिली असती, असं माझं मत आहे. वेबरने तिला उलटू दिलं नाही, हेच महत्त्वाचं. चौघांनाही सुवर्ण जीवरक्षा पदक मिळालं.

हे गणित आजही तसंच आहे, आणि जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या मुलांना ते माहीत असलं पाहिजे. व्यापारी जहाजांवरच्या बंद लाइफबोटींसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे: सगळी दारं-झडपा जलबंद आणि सगळे जण पट्ट्याने बांधलेले असतील, तरच ती आपोआप सरळ होण्याची अपेक्षा. सरावात पट्टा नुसता मांडीवर टाकून बसणारे बरेच असतात. पट्टा तुम्हाला इजा होऊ नये एवढ्यापुरता नाही. तुमचं वजन हे त्या नावेच्या पठाणाचा भाग आहे.

१९६० च्या दशकात कोस्ट गार्डने ४४ फुटी पोलादी नाव आणली, दोन डिझेल इंजिनांची, १४ नॉटची. ब्रिटिश संस्थेने १९६४ मध्ये तीच एक नाव विकत घेऊन तिच्यावरून आपला वेव्हनी वर्ग बांधला. लाकडी ३६ फुटी हळूहळू निवृत्त झाल्या. सीजी ३६५०० ची सेवा १९६८ मध्ये संपली, राष्ट्रीय उद्यान विभागाकडे दिली गेली आणि तेरा वर्षं वेलफ्लीटमध्ये उघड्यावर पडून कुजली.

बावीस वर्षं समुद्राने जे केलं नाही ते पावसाने केलं, आणि यात आश्चर्य नाही. खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी कुजवतं. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून झापांनी शाकारतात त्याचं कारण हेच. तक्तपोशीच्या कडा, तुळयांची टोकं, पठाणाला लागून असलेली फळी आणि टोकांचे बंद कप्पे इथे आधी कूज लागते, कारण तिथे वारा खेळत नाही. टोच्याने टोचून पाहा: निरोगी लाकडात तो दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडकतो, कुजलेल्यात मुठीपर्यंत जातो. ऑर्लिन्सच्या इतिहास मंडळाने १९८१ मध्ये ती ताब्यात घेतली, काही महिन्यांत दुरुस्त केली आणि १९८२ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. २००५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत तिचं नाव आलं. अशी नाव वर्षानुवर्षं कोरडी ठेवली तर फळ्या आकसून सांधे उघडतात. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन दिवस ती गळते आणि लाकूड फुगलं की आपसूक थांबते. ते दोन दिवस पंप लावून ठेवा, आणि गळतं म्हणून घाईने सांध्यांत जास्तीचा कापूस ठोकू नका. लाकूड फुगलं की तो कापूस फळीच फोडतो.